३४ टक्के जुळणी: निपाणी भागातल्या एका प्रोजेक्ट रिपोर्टचे इंग्रजी

एमएस्सी रसायनशास्त्राच्या शेवटच्या सत्रातली विद्यार्थिनी. गाव निपाणी तालुक्यातले, वेदगंगेच्या काठचे, चहूबाजूंनी ऊस. दहावीपर्यंत मराठी माध्यम, शाळेत कन्नड आणि इंग्रजी हे विषय म्हणून. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घेतले आणि एका जूनमध्ये सगळे इंग्रजीत गेले. पुढे बीएस्सी, मग बेळगावात खोली घेऊन एमएस्सी. प्रोजेक्टचा विषय तिने स्वतः निवडलेला: गावच्या १२ विहिरींचे पाणी, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, म्हणजे २४ नमुने. पीएच, एकूण विरघळलेले क्षार, कठीणता आणि नायट्रेट.

हे एकाच मुलीचे प्रकरण नाही. सीमाभागात मराठी माध्यमातून विज्ञानाकडे वळलेल्या विद्यार्थ्यांची नेहमीची स्थिती एका नमुन्यात बांधून इथे मांडली आहे, आणि आकडेही त्या नमुन्याचेच आहेत. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) नियम, पाण्याचे निकष आणि भाषेबद्दलच्या गोष्टी मात्र जशा आहेत तशा दिल्या आहेत.

प्रयोगाचे काम चोख होते. कठीणतेसाठी ५० मिली नमुना, अमोनिया बफरने पीएच १०, एरिओक्रोम ब्लॅक टी टाकून ०.०१ मोलर ईडीटीएने टायट्रेशन, वाइनसारखा लाल रंग निळा होईपर्यंत. प्रत्येक नमुन्याची तीन वाचने. नायट्रेट यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २२० नॅनोमीटरला. तिचे तक्ते कुणीही डोळे झाकून घ्यावेत असे. रिपोर्ट मात्र साम्य तपासणीच्या, म्हणजे मजकूर दुसऱ्यांच्या लेखनाशी किती जुळतो ते पाहणाऱ्या, सॉफ्टवेअरमधून ३४ टक्के जुळणी घेऊन परत आला.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० मध्ये ठरवून दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ६ महिन्यांत, सुधारित प्रत द्यावी लागते. ४० ते ६० मध्ये वर्षभर सुधारित प्रतही देता येत नाही आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द होते. म्हणजे ही विद्यार्थिनी दुसऱ्या कप्प्यात होती. विभागाने ३ महिने दिले. घरी एवढेच कळले की पोरीने चोरी केली. तिथेच पहिली चूक होते. असा रिपोर्ट परत आला की विद्यार्थ्याच्या प्रामाणिकपणावर बोलणे सुरू होते आणि भाषेचा विषय मागे पडतो.

३४ टक्के कुठले होते

तपासणीचा अहवाल आला की सगळे वरचा मोठा आकडा बघतात. बघायला हवे ते आतले रंगवलेले उतारे. रिपोर्ट साधारण ११,००० शब्दांचा होता. ३४ पैकी १९ टक्के पूर्वसंशोधनाच्या प्रकरणात, ८ प्रस्तावनेत, ५ कार्यपद्धतीत आणि फक्त २ निष्कर्ष व चर्चेत. पूर्वसंशोधनाचे प्रकरण ३,००० शब्दांचे, त्यातले दोन हजारांवर दुसऱ्यांचे. निष्कर्षांच्या प्रकरणात जवळजवळ सगळे वाक्य न् वाक्य तिचे स्वतःचे.

या वाटणीतच निदान आहे. जिथे तिच्याकडे स्वतःची माहिती आहे तिथे ती स्वतःचे इंग्रजी लिहिते, चुकत का होईना. जिथे दुसऱ्याने लिहिलेले वाचून सांगायचे आहे तिथे ती त्या वाक्याला घट्ट धरून बसते, कारण हात सोडला तर अर्थ निसटेल ही भीती.

कार्यपद्धतीतल्या ५ टक्क्यांची फारशी काळजी करू नये. टायट्रेशनची कृती जगभर त्याच शब्दांत लिहितात. प्रमाणित संज्ञा, चिन्हे, समीकरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका हे तपासणीतून वगळायचे असते आणि सलग १४ शब्दांपर्यंतची योगायोगाची किंवा सर्वज्ञात जुळणीही धरायची नसते. बऱ्याच ठिकाणी सॉफ्टवेअरमधले हे पर्याय न लावताच अहवाल काढला जातो. आधी ते लावून पुन्हा तपासायला विद्यार्थ्याने जरूर सांगावे. या रिपोर्टमध्ये संदर्भसूची आधीच वगळलेली होती, त्यामुळे आकडा खाली आला नाही.

निदान

इंग्रजी शिकवणाऱ्याने दीड तासात तिच्याकडून तीन गोष्टी करून घेतल्या. तिच्याच विषयावरच्या लेखातला २५० शब्दांचा उतारा १० मिनिटे वाचायचा, कागद उलटा ठेवायचा आणि काय वाचले ते मराठीत सांगायचे. मग स्वतःच्या तक्त्यावर इंग्रजीत १५० शब्द. शेवटी एक मिनिट मोठ्याने वाचन.

लिहिलेल्या १५० शब्दांत २१ चुका होत्या, पण एकही वाक्य न कळण्यासारखे नव्हते. धक्का बसला तो पहिल्या चाचणीत. उताऱ्यातल्या ६ मुद्द्यांपैकी २ बरोबर सांगितले, २ राहून गेले आणि २ उलटे सांगितले. उलटे सांगितलेले मुद्दे सगळ्यात महत्त्वाचे.

उलटे का झाले? इंग्रजीत ‘अॅट्रिब्युटेड टू’ म्हटले की आधी परिणाम येतो, कारण नंतर. मराठीत ‘खतामुळे नायट्रेट वाढले’, कारण आधी. वाचताना शब्द ओळखीचे, क्रम मात्र मराठीचा लावला जातो, आणि कार्यकारणभाव फिरतो. ‘रिझल्टेड इन’ आणि ‘रिझल्टेड फ्रॉम’ यांत तोच घोळ. ‘फिल्ट्रेशन फॉलोड बाय टायट्रेशन’ म्हणजे आधी गाळणे, मग टायट्रेशन. पण ‘फॉलो’ म्हणजे मागे जाणे असे पाठ असल्याने अनेकजण क्रम उलटा लावतात. प्रयोगशाळेत हे घातक ठरू शकते.

दुसरा अडसर छोट्या शब्दांचा. ‘डिस्पाइट’, ‘अनलाइक’, ‘विथ द एक्सेप्शन ऑफ’, ‘व्हेअरअॅज’. तिच्या मोबाइलवर शैक्षणिक इंग्रजीच्या ५७० शब्दकुळांची प्रसिद्ध यादी होती आणि त्यातले बरेच शब्द पाठ होते. ती यादी चांगली आहे, शैक्षणिक मजकुरातले साधारण १० टक्के शब्द तिच्यात येतात. पण वाक्याचे बिजागर याच बारीक शब्दांत असते, आणि ‘हायपोथेसिस’चा अर्थ माहीत असून ‘अनलाइक’ सुटला तर वाक्य उलटे होते.

तिसरा अडसर लांबलचक नामपदांचा. ‘द कॉन्सन्ट्रेशन ऑफ नायट्रेट इन सॅम्पल्स कलेक्टेड आफ्टर द मॉन्सून फ्रॉम शॅलो वेल्स’ यात मुख्य शब्द सुरुवातीला आणि विशेषणे मागून रांगेने. मराठीत ती सगळी रांग आधी येते: ‘उथळ विहिरींतून पावसाळ्यानंतर घेतलेल्या नमुन्यांतले नायट्रेटचे प्रमाण’. कन्नडचीही हीच रीत. बेळगावच्या वर्गात मराठी आणि कन्नड मुले शेजारी बसतात, दोघांच्या भाषांत ‘ए’ आणि ‘द’ नाहीत, दोघांत क्रियापद शेवटी. त्यामुळे एकमेकांचे लेखन तपासायला दिले की दोघांनाही तीच चूक बरोबर वाटते. मैत्रिणीकडून तपासून घ्यायचेच असेल तर हातात चुकांचा तक्ता हवा.

या सगळ्याच्या मुळाशी मात्र पाच वर्षांची सवय आहे. पीयूसीची दोन आणि बीएस्सीची तीन वर्षे तिने नोट्स शब्दशः पाठ केल्या, पेपरात शब्दशः उतरवल्या आणि त्यासाठी चांगले गुण मिळवले. जे काल शाबासकीचे होते ते आज गुन्हा ठरले, आणि मधल्या काळात कुणीही तिला हा फरक करून दाखवला नाही. हा दोष तिच्या पदरात टाकणे अन्यायाचे आहे.

इथल्या शहरांत इंग्रजीची शिकवणी म्हटली की दोन पाट्या दिसतात: स्पोकन इंग्लिश, नाहीतर आयईएलटीएस. आयईएलटीएस अकॅडेमिकमध्ये ६० मिनिटांत ३ उतारे आणि ४० प्रश्न असतात, ते वाचनाला उपयोगी. पण तिथला निबंध किमान २५० शब्दांचा आणि स्वतःच्या मताचा. चार लेख वाचून, त्यांचा संदर्भ देऊन, आपल्या शब्दांत मांडायचे हे काम त्या परीक्षेत येतच नाही. परदेशी जायचे नसेल तर रिपोर्ट सुधारण्यासाठी त्या शिकवणीवर पैसे घालू नयेत.

दहा आठवडे

आठवड्याचे ५ दिवस, रोज दीड तास, एकूण ७५ तास. पहिले चार आठवडे रिपोर्टला हात लावायचा नाही, फक्त वाचन. हे पटवायला सगळ्यात जास्त वेळ गेला, कारण मुदत अंगावर होती.

जुन्या संदर्भसूचीत ३१ लेख होते. उघडलेले ११, बाकीच्यांचा फक्त सारांश वाचलेला किंवा दुसऱ्याच्या सूचीतून उचललेले. सूची १४ वर आणली आणि चौदाही पूर्ण वाचायचे ठरले. न वाचलेला लेख सूचीत घालणे हे सॉफ्टवेअर पकडत नाही, तोंडी परीक्षेत मात्र पहिल्याच प्रश्नाला उघडे पडते.

प्रत्येक लेखासाठी वहीचे एक पान, चार रकाने: कुणी, कुठे आणि कधी, काय सापडले, मला काय वाटते. चारही रकाने मराठीत. विज्ञानाच्या संज्ञा मात्र इंग्रजीच ठेवायच्या. शिकवणाऱ्यांपैकी कित्येकांना हे रुचत नाही. इंग्रजीतच विचार कर, मराठी मनातून काढ, असे सांगण्याची आपल्याकडे पद्धत आहे. या कामात ते उलटे पडते. इंग्रजी वाक्य समोर ठेवून इंग्रजीत लिहायला बसले की तेच वाक्य पुन्हा उमटते. मध्ये मराठी आली की वाक्याची मोड होते आणि फक्त अर्थ हातात राहतो. शिवाय कळले नसेल तर मराठी रकाना कोरा राहतो, आणि ते लपवता येत नाही.

लांब नामपदांसाठी एक साधी कसरत: मुख्य शब्दाला गोल करायचा आणि मागून पुढे ‘चा-ची-चे’ लावत यायचे. प्रमाण कशाचे? नायट्रेटचे. कशातल्या? नमुन्यांतल्या. कसल्या नमुन्यांतल्या? रोज अशी दहा पदे. बिजागरी शब्दांची ४० शब्दांची वेगळी यादी केली, आणि प्रत्येकापुढे अर्थ न लिहिता बाण काढला: कारण कुठल्या बाजूला, परिणाम कुठल्या. शनिवारी निपाणीला जाताना बसमध्ये वाचन होत नाही. कर्नाटकात बायकांना बसप्रवास मोफत करणारी शक्ती योजना आल्यापासून गाड्या भरलेल्या असतात. त्या दीड-दोन तासांत स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेले उतारे ऐकायचे.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी तेवढ्याच लांबीचा नवा उतारा ८ मिनिटांत वाचून ६ पैकी ५ मुद्दे बरोबर आले. मगच लेखन सुरू केले.

एक वाक्य, जवळून

एका लेखातले वाक्य असे होते: ‘द एलिव्हेटेड नायट्रेट लेव्हल्स ऑब्झर्व्ड इन शॅलो वेल्स मे बी अॅट्रिब्युटेड टू द एक्सेसिव्ह अॅप्लिकेशन ऑफ नायट्रोजनस फर्टिलायझर्स इन द अॅडजसंट शुगरकेन फील्ड्स.’

तिच्या पहिल्या रिपोर्टमध्ये: ‘द हाय नायट्रेट लेव्हल्स ऑब्झर्व्ड इन शॅलो वेल्स इज अॅट्रिब्युटेड टू एक्सेसिव्ह यूज ऑफ नायट्रोजनस फर्टिलायझर्स इन निअरबाय शुगरकेन फील्ड्स.’

तीन शब्द बदलले, वाक्याचा सांगाडा तोच. पण याहून मोठे नुकसान दुसरे आहे. ‘मे बी’ गेले आणि तिथे ‘इज’ आले. मूळ लेखकांनी शक्यता सांगितली होती, इथे ती खात्री झाली. शिवाय ‘लेव्हल्स’ अनेकवचनी असून क्रियापद एकवचनी.

वहीतला मराठी रकाना, सहाव्या आठवड्यातला: ‘उथळ विहिरींत नायट्रेट जास्त निघालं. शेजारच्या उसाला घातलेल्या युरियामुळं असावं असं म्हणतात. पण खत किती घातलं ते मोजलेलंच नाही.’

शेवटचे वाक्य पाहावे. ते मूळ लेखात कुठेच नाही. तिच्या घरी ऊस आहे, एकरी किती पोती पडतात ते तिला माहीत आहे, म्हणून लेखकांनी काय मोजले नाही ते तिला दिसले. इंग्रजीत वाचून इंग्रजीतच उतरवत असताना ही टीका तिला कधीच सुचली नव्हती. नवे वाक्य असे झाले: ‘दे फाउंड मोअर नायट्रेट इन शॅलो वेल्स अँड सजेस्टेड दॅट युरिया फ्रॉम निअरबाय केन फील्ड्स वॉज द लाइकली सोर्स, ऑलदो दे डिड नॉट मेझर फर्टिलायझर यूज.’ सोपे शब्द, जुळणी नाही, आणि पूर्वसंशोधनाच्या प्रकरणात जी चिकित्सा हवी असते ती आपोआप आली.

‘असावं’ हा शब्द इथे सोन्यासारखा आहे. मराठीत ‘वाढले’, ‘वाढले असावे’, ‘वाढू शकते’, ‘वाढणारच’ यांतला फरक सातवीतल्या मुलालाही कळतो. इंग्रजीत जाताना सगळ्यांचे ‘इन्क्रीज्ड ड्यू टू’ होते. वहीच्या मागच्या पानावर या चार रूपांसमोर चार इंग्रजी रूपे लिहून ठेवली आणि चर्चेच्या प्रकरणातले प्रत्येक विधान त्या पानाशी ताडून पाहिले.

मध्ये काय बिघडले

पाचव्या आठवड्यात खोलीतल्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून तिने जुने प्रकरण शब्द बदलून देणाऱ्या ऑनलाइन साधनातून काढले. जुळणी एकदम १२ टक्क्यांवर आली. आणि ‘हार्डनेस’चा ‘टफनेस’ झाला, ‘सॅम्पल’चा ‘एक्झाम्पल’. मार्गदर्शकांनी पहिल्याच पानावर प्रत परत केली, ते योग्यच होते. या साधनांना संज्ञा आणि साधा शब्द यांतला फरक नीट राखता येत नाही, आणि आकडा खाली आला तरी लेख न वाचलेलाच राहतो.

भाषांतराच्या अॅपची तऱ्हा वेगळी. गावाकडे ज्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही त्याला ‘जड पाणी’ म्हणतात. वहीत तसेच लिहिले, अॅपने ‘हेवी वॉटर’ दिले. रसायनशास्त्रात हेवी वॉटर म्हणजे ड्युटेरियमचे पाणी, अणुभट्टीतले. विहिरीत ते निघाले असे लिहिलेला रिपोर्ट कुणी पुढे वाचणार नाही. तेव्हापासून संज्ञांची २५ शब्दांची पक्की यादी केली आणि त्या शब्दांना पर्याय शोधायचा नाही असे ठरवले. ‘हार्डनेस’ दर वेळी ‘हार्डनेस’च. तोच शब्द परत परत आला तर लेखन कच्चे दिसते ही समजूत शाळेतल्या निबंधाची आहे, विज्ञानात ती चालत नाही.

सातव्या आठवड्यात जुळणी कमी झाल्याच्या आनंदात काही परिच्छेदांत संदर्भच दिला गेला नाही. आपल्या शब्दांत लिहिले म्हणजे विचार आपला झाला, असे तिला वाटले. सॉफ्टवेअरला हे दिसत नाही, तरी ती उचलेगिरीच. प्रत्येक मराठी पानावर लेखाचा क्रमांक ठळक लिहायचा आणि तो वाक्याबरोबरच इंग्रजीत न्यायचा, शेवटी घालू म्हणून ठेवायचा नाही.

व्याकरण, पण थोडकेच

२१ चुकांपैकी १३ चार जातींच्या होत्या, म्हणून तेवढ्याच धरल्या. ‘जरी-तरी’ची जोडी: ‘ऑलदो’ आले की ‘बट’ नको, इंग्रजीत एकच टोक बांधतात. ‘पासून’ची अडचण: ‘सिन्स टू इयर्स’ नव्हे, कालावधीला ‘फॉर’, आरंभबिंदूला ‘सिन्स’. अनेकवचन: ‘उपकरणे’ म्हणून ‘इक्विपमेंट्स’ होत नाही, ‘रिसर्चेस’ आणि ‘इन्फर्मेशन्स’ही नाही. आणि ‘विषयी’चा जादा तुकडा: ‘डिस्कस्ड अबाउट’ नको, नुसते ‘डिस्कस्ड’.

‘ए’ आणि ‘द’ यांच्यासाठी फक्त दोन नियम दिले. पदार्थाचे नाव सर्वसाधारण अर्थाने आले तर काहीच नको. आधी सांगितलेली वस्तू पुन्हा आली तर ‘द’. बाकीचे सोडून दिले. दहा आठवड्यांत ते पक्के होत नाही आणि त्याने अर्थही बिघडत नाही.

सुधारित प्रत

तेराव्या आठवड्यात नवी तपासणी झाली. जुळणी ९ टक्के: कार्यपद्धती ५, पूर्वसंशोधन ३, प्रस्तावना १. कार्यपद्धतीचे ५ तसेच राहिले, मार्गदर्शकांनी ते प्रमाणित कृती म्हणून मान्य केले. पूर्वसंशोधनाचे प्रकरण ३,००० वरून १,९०० शब्दांवर आले, कारण वाचलेल्या चौदा लेखांत सांगण्यासारखे तेवढेच होते. ३०० शब्दांच्या एका नमुन्यात ‘ए’ आणि ‘द’च्या ९ चुका अजून होत्या.

तोंडी परीक्षेसाठी १० स्लाइड, १२ मिनिटे. बोलणे अजून अडखळत होते आणि त्यावर वेगळे काम लागणार आहे. परीक्षकांनी विचारले की सातव्या विहिरीत पावसाळ्यानंतर नायट्रेट लिटरला ६१ मिलिग्रॅम कसे, जेव्हा भारतीय मानकाची, आयएस १०५०० ची, मर्यादा ४५ आहे. ती थोडी थांबली, वहीचे मागचे पान आठवले असावे. उत्तर सावकाश आले: ‘इट मे बी फ्रॉम द केन फील्ड, सर. बट आय डिड नॉट मेझर द फर्टिलायझर. आय मेझर्ड ओन्ली द वॉटर.’